मिल्टनचा शेक्सपियर : समासांतील हस्ताक्षर व तर्काची प्रसिद्धि

पोथीच्या समासांतील पाठ कोणाच्या हातचा, हा प्रश्न संग्राहकांस नवा नाहीं. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस तो शेक्सपियरच्या दोन छापील प्रतींविषयीं पडला. परंतु निर्णयाच्या रीतींत फार अंतर पडलें.

जॉन पेन कॉलियर ह्या पंडितानें १८५२ सालीं 'अथेनियम' पत्रांत जाहीर केलें कीं, आपणांस मिळालेल्या १६३२ च्या दुसऱ्या फोलिओंत जुन्या हाताच्या हजारों दुरुस्त्या आहेत. लगोलग त्यानें त्यांचा ग्रंथही काढला. पाठांवरून संशय घेणारे निघाले. पण मूळ प्रत डेव्हनशायरच्या ड्यूकच्या संग्रहांत जाऊन राहिली. ती १८५९ मध्यें ब्रिटिश म्यूझियममध्यें आली, तेव्हां हॅमिल्टन यांस शाईखालीं पेन्सिलीच्या अर्धवट पुसलेल्या अर्वाचीन खुणा दिसल्या, व त्यांनीं 'टाइम्स' पत्रांत तसें लिहिलें. बनावट उघडकीस येण्यास सात वर्षें लागलीं !

आतां दुसरें उदाहरण. १६२३ च्या पहिल्या फोलिओची एक प्रत फिलाडेल्फियाच्या फ्री लायब्ररींत १९४४ पासून आहे. तिच्या समासांतील टीपांवर क्लेअर बोर्न यांचा निबंध २०१९ सालीं छापून आला. हा अनाम वाचक मोठा साक्षेपी होता. फोलिओचे पाठ त्यानें सुट्या क्वार्टो प्रतींशीं ताडून पाहिले. 'रोमिओ अँड ज्यूलिएट'ची फोलिओंत गळालेली नांदी स्वहस्तें उतरून घेतली. आपल्याकडील चांगला शोधक ह्याहून निराळें काय करतो ? बोर्नबाईंनीं त्याचा काळ सतराव्या शतकाचा मध्य ठरविला. नांव मात्र सांगितलें नाहीं.

निबंधांतील छायाचित्रें पाहून केंब्रिजचे जेसन स्कॉट-वॉरन यांस तें अक्षर मिल्टनचें वाटलें. मिल्टन १६३८-३९ मध्यें इटलीस गेला. त्या सुमारास त्यानें 'ई' ह्या रोमन अक्षराचें ग्रीक वळण सोडून इटालियन वळण धरलें, म्हणून त्याच्या लेखनाच्या कालनिर्णयांत हें अक्षर महत्त्वाचें आहे. शिवाय १६५२ पर्यंत त्याची दृष्टि पूर्ण गेली, म्हणजे त्यानंतरची टीप त्याच्या हातची संभवत नाहीं. स्कॉट-वॉरन यांनीं सप्टेंबर २०१९ मध्यें हा तर्क, छापील निबंधाची वाट न पाहतां, आपल्या विद्यापीठाच्या महाजालावरील पृष्ठावर मांडला. शीर्षकास प्रश्नचिन्ह जोडलें आणि दोन्ही हस्ताक्षरांचे नमुने शेजारीं शेजारीं दिले. मिल्टनच्या अनेक अभ्यासकांनीं ते पाहून थोड्याच दिवसांत अनुकूल मत दिलें.

अशी प्रसिद्धि उतावळेपणाची, असें म्हणणारे आहेत. मला तसें वाटत नाहीं. प्रश्नचिन्हासह मांडलेला तर्क व त्यासोबत सर्वांपुढें उघडें ठेवलेलें अक्षर, हें कॉलियरच्या निश्चयात्मक ग्रंथाहून शास्त्रशुद्ध आहे. (पोथीचें एक पान दाखविण्यासही कांकूं करणाऱ्या आमच्या कांहीं संग्राहकांनीं ह्याचा विचार करावा.) पुढें बोर्न व स्कॉट-वॉरन यांनीं एकत्र काम करून २०२२ सालीं 'मिल्टन क्वार्टर्ली' ह्या त्रैमासिकांत सविस्तर निबंध प्रसिद्ध केला.