लपाछपी
(मराठी चित्रपट, २०१७). दिग्दर्शक विशाल फुरिया. भयपट म्हणून ओळखला जात असला, तरी त्याची बांधणी मानसशास्त्रीय थरारपटाची आहे : मोजकी पात्रे, एक एकाकी घर, सुटकेची वाट बंद. परदेशी थरारपटांत ही वाट बहुधा बर्फ अडवतो. येथे ते काम डोक्याहून उंच ऊस करतो. कमी खर्चातली ही युक्ती नेपथ्यापेक्षा परिणामकारक ठरली. घेणेकऱ्यांच्या भीतीने शहर सोडलेली गरोदर नेहा (पूजा सावंत) पती तुषारसह (विक्रम गायकवाड) चालक भाऊरावांच्या (अनिल गवस) घरी आसरा घेते. भाऊरावांची पत्नी तुळसाबाई तिची मायेने देखभाल करते. दिसते ते खरे की भास, हा पेच बराच वेळ टिकतो. उषा नाईक यांची तुळसाबाई हे चित्रपटाचे खरे बळ. तिच्या मायेचीच धास्ती वाटते. भीतीचे प्रसंग पुष्कळदा भर दुपारी घडतात.

रहस्याच्या मुळाशी मुलींच्या हत्या आहेत. खानदेशातील प्रेक्षकाला हा विषय परका नाही : २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. शेवटाकडे मात्र संदेश उघडपणे सांगितला जातो आणि ताण सैलावतो. फुरिया यांनीच याची ‘छोरी’ (२०२१) ही हिंदी आवृत्ती केली.