सापाची शरीररचना : चाल आणि भक्षण

सापाला हातपाय नाहीत आणि दातांनी भक्ष्याचे तुकडे करता येत नाहीत. तरीही तो झाडावर चढतो, पाण्यात पोहतो आणि स्वतःच्या डोक्याहून जाड प्राणी आख्खा गिळतो. या दोन्ही कामांमागे त्याच्या बरगड्यांचा मोठा वाटा आहे. माणसाच्या बहुतेक बरगड्या पुढे छातीच्या हाडाला जोडलेल्या असतात. सापाला ते हाडच नसते. मणके जातीनुसार साधारण २०० ते ४००, धडातल्या मणक्यांना बरगड्यांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडी खालून मोकळी. नागाचा फणा म्हणजेही मानेतल्या लांब बरगड्यांनी ताणलेली कातडीच.

धामण दगड, ढेकळे, गवताचे बुंधे यांना अंगाच्या बगला रेटत पुढे सरकते. ‘नागमोडी’ हा शब्द याच चालीचा. टेकू मिळाला नाही, तर गुळगुळीत फरशीवर ती नुसतीच वळवळते. अजगर आणि घोणस मात्र सरळ रेषेतही सरकतात. ते बरगड्यांवर चालतात हा जुना समज चुकीचा आहे. या चालीत बरगड्या जवळपास स्थिर राहतात आणि त्यांना जोडलेले स्नायू पोटाची सैल कातडी व आडवे रुंद खवले पुढे ओढतात. सैल वाळूत फुरसे अंगाचे वेढे उचलून तिरके जाते. मागे तुटक, समांतर रेघा उमटतात.

गिळताना सापाचा जबडा निखळतो असे सर्रास सांगितले जाते. तसे होत नाही. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी हाडाने सांधलेले नसून लवचिक तंतूंनी बांधलेले असतात, आणि मागे ते कवटीला सैल टांगलेल्या हाडावर टेकतात. म्हणून एक बाजू पकड धरते तेव्हा दुसरी पुढे सरकते. भक्ष्य आत ओढले जाते त्यापेक्षा सापाचे डोकेच त्याच्यावरून चालत जाते, असे म्हणणे योग्य. दात आत वळलेले, त्यामुळे दिवडीने धरलेल्या बेडकाची धडपड त्याला आणखी आतच नेते. तोंड गच्च भरले की श्वासनलिकेचे टोक पुढे येते आणि श्वास चालू राहतो. पुढे घास उतरेल तशा मोकळ्या बरगड्या फाकतात.

अरुंद अंगात फुप्फुस मुख्यतः उजवेच. डावे खुरटलेले किंवा नाहीसेच. मूत्रपिंडेही मागेपुढे बसवलेली.

सगळेच साप मोठा घास घेत नाहीत. गांडुळासारख्या वाळ्याचे तोंड इवलेसे. तो मुंग्यांची अंडी आणि अळ्या खातो. बराच काळ न दिसलेल्या भारतीय अंडीखाऊ सापाची वर्ध्यातील नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. तो पक्ष्यांच्या अंड्यांवर जगतो. त्याच्या तोंडात दात फार थोडे. मानेजवळच्या मणक्यांची टोके मात्र अन्ननलिकेत उतरलेली असतात.