ऑरेंज चिकन (घरगुती)

ऑरेंज चिकन : कोंबडीचे तळलेले तुकडे संत्र्याच्या आंबटगोड, किंचित तिखट पाकात घोळवून केलेला अमेरिकन-चिनी पदार्थ. हुनान प्रांतातील वाळवलेल्या संत्रासालीचे चिकन हा त्याचा पूर्वज मानतात. पार्सलच्या खोक्यातले आजचे रूप मात्र १९८७ मध्ये ‘पांडा एक्स्प्रेस’ या अमेरिकी साखळीचे आचारी अँडी काव यांनी दिले. भारतातल्या चिनी खाण्याची वाट वेगळी. नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंच्युरियन केले आणि आले-लसूण-मिरचीची चव गाड्यागाड्यांवर पोचली. तिथल्या पाटीवर ऑरेंज चिकन क्वचितच दिसते.

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला लागून आहे. इथल्या सोसायट्यांत प्रोजेक्टच्या निमित्ताने अमेरिकेत राहून आलेली मंडळी असतात आणि या चवीची आठवण त्यांनाच होते. हॉटेलातून मागवावे तर संध्याकाळची हिंजवडीची वाहतूक आड येते. बंद डब्यातल्या वाफेने कुरकुरीत कवच तासाभरात मऊ पडते, त्यामुळे हा पदार्थ घरी करणेच शहाणपणाचे.

साहित्य सोपे आहे. अर्धा किलो बोनलेस चिकन घ्यावे, शक्यतो मांडीचे. छातीचे तुकडे दोनदा तळल्यावर कोरडे होतात. तुकड्यांना थोडा सोया सॉस, मिरपूड व एका अंड्याचा पांढरा बलक लावून अर्धा तास ठेवावे. मग अर्धी वाटी कॉर्नफ्लॉअर व दोन चमचे मैदा एकत्र करून त्यात घोळवावे. पहिले तळण साधारण १६० अंश सेल्सिअसला, चार-पाच मिनिटे, म्हणजे मांस आतपर्यंत शिजते. बाहेर काढून ठेवले की आतला ओलावा कवचात येतो; तो उडवण्यासाठी दुसरे तळण १९० अंशांना, जेमतेम मिनिटभर. एकदाच तळून भागवणाऱ्यांनी कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवू नये.

खरी अडचण पाकाची. अमेरिकी कृतींत संत्र्याचा रस आटवायला सांगतात. तिथे बहुधा घट्ट सालीचे गोड संत्रे गृहीत धरलेले असते. आपल्याकडचे नागपुरी संत्रे (भौगोलिक मानांकन २०१४) सैल सालीचे, मँडरिन गटातले. त्याचा रस आटवला की कडू होतो. फळाच्या पापुद्र्यांत आणि बियांत लिमोनिनचा पूर्वघटक असतो. तो स्वतः कडू नसतो, पण रसातल्या आम्लाने त्याचे हळूहळू लिमोनिन होते आणि आचेवर ही क्रिया वेगाने घडते. मोसंबीचा रस ठेवला की कडवटतो, तोही याच कारणाने. म्हणून फळे मिक्सरमध्ये फिरवू नयेत. बिया चिरडल्या की सगळे बिघडते. अर्धे करून हाताने पिळावीत व रस लगेच गाळावा. जानेवारी-फेब्रुवारीत संत्रे म्हणून विकला जाणारा किनू या कामाला टाळलेला बरा, त्यात बिया फार असतात.

उपाय असा : आधी चार मोठे चमचे साखर, प्रत्येकी दोन मोठे चमचे व्हिनेगर व सोया सॉस, आले-लसूण आणि दोन सुक्या मिरच्या यांचा पाक दाटसर आटवावा. मग अर्धी वाटी ताज्या रसात दोन छोटे चमचे कॉर्नफ्लॉअर कालवून तो ओतावा आणि पाकाला चकाकी येताच गॅस बंद करावा. रस आचेवर मिनिट-दोन मिनिटांहून जास्त राहता कामा नये. सुवास रसापेक्षा सालीतल्या तेलात असतो. तेव्हा फळ कापण्याआधीच बारीक किसणीवर वरचा केशरी थर तेवढा किसावा, पांढरा भाग येऊ देऊ नये. सैल साल किसणीखाली सरकते, म्हणून फळ घट्ट व ताजे निवडावे. बाजारातल्या आयात संत्र्याची साल किसायला सोयीची, पण त्यावर मेण असते. ते गरम पाण्याने घासून काढावे. हा कीस गॅस बंद केल्यावरच घालावा.

तळलेले तुकडे पाकात घालून लगेच वाढावे. जेवणारे उशिरा येणार असतील तर तुकडे पहिल्या तळणानंतर वेगळे ठेवावेत आणि दुसरे तळण ते आल्यावर करावे.