अनाथ ड्रायव्हर आणि आपली पाठपरंपरा

हस्तलिखितांना वाळवी लागते, हे मराठीच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही. फ्लॉपीचे काय होते, हे मात्र आम्हांला उशिरा कळले. नव्वदच्या दशकातील वार्षिकांकांच्या फ्लॉप्यांचा एक डबा रत्नागिरीच्या दमट हवेत विभागाच्या कपाटात पडून होता. काहींना बुरशी आली होती. उरलेल्या वाचण्यासाठी एक जुना डेस्कटॉप मिळवून त्यावर लिनक्स बसवले. फ्लॉपी फिरली, फायलींची नावे दिसली. हे ज्याच्यामुळे शक्य झाले, त्या मधल्या दुव्याचा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

हा दुवा म्हणजे ड्रायव्हर, अर्थात उपकरण आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये काम करणारी आज्ञावली. फ्लॉपीची मोटर केव्हा सुरू करावयाची, हेड कोणत्या ट्रॅकवर न्यावयाचे, वाचन फसले तर पुन्हा प्रयत्न कसा करावयाचा, हे तिच्यात लिहिलेले असते.

मुक्त आज्ञावलींच्या चळवळीच्या मुळाशीही एक उपकरणच आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की वापरणाऱ्यांना कळावे, एवढीच सोय रिचर्ड स्टॉलमन यांना करावयाची होती; पण प्रिंटरची मूळ आज्ञावली त्यांना मिळाली नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला. फ्लॉपीचा मूळ ड्रायव्हरही त्यांचाच.

या गाभ्याची अंतर्गत रचना सतत बदलत असते आणि जुन्या ड्रायव्हरांसाठी ती गोठवावयाची नाही, असे तेथे जाणीवपूर्वक ठरलेले आहे. त्यामुळे यंत्र तेच राहिले तरी ड्रायव्हर बदलत ठेवावा लागतो. कोणता भाग कोणी सांभाळावयाचा, याची यादी गाभ्यासोबतच असते, आणि सांभाळणारा उरला नाही की तीत ‘अनाथ’ या अर्थाचा शेरा पडतो. जुलै २०१९ मध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरवर तो खुद्द टोरवाल्ड्स यांनी मारला. चालू स्थितीतील यंत्रेच दुर्मीळ झाल्यावर दुरुस्ती तपासावयाची कशावर, ही अडचण खरीच होती. यूएसबीने जोडावयाच्या फ्लॉपी-यंत्रांचा ड्रायव्हर वेगळा असतो; वाली गेला तो आमच्या डेस्कटॉपसारख्यांचा. पुढे त्याच वर्षी डेनिस एफ्रेमोव यांनी ही जबाबदारी घेतली. त्यातील सुरक्षेचे काही दोष त्यांनी आधीच दूर केले होते.

आम्हांला येथे एकनाथ आठवतात. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीतील अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. तुलना फार ताणू नये. एकनाथांनी पुढे कोणी भर घालू नये असे बजावले. ड्रायव्हरला मात्र हात लावणे थांबले की तो निकामी होऊ लागतो. तरीही दुसऱ्याने लिहिलेले पुढच्याला वाचता यावे म्हणून करावयाचे, वाचकाला न दिसणारे काम म्हणून दोन्हींची जात एकच वाटते.

मराठी मजकुराला आणखी एक दुवा लागतो, तो अक्षरसंकेताचा. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात खोचले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागील इस्की हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला, म्हणून त्यात साठवलेला मजकूर युनिकोडमध्ये नेता येतो. छपाईच्या व्यवहारात मात्र फॉन्टागणिक वेगळे संकेत रूढ झाले, आणि आमच्या फायली नेमक्या तशाच निघाल्या. ड्रायव्हरने बाइटन् बाइट इमानाने आणून दिला. पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा खच पडला.

सुदैवाने एका वर्षाचा छापील अंक शिल्लक होता. तो शेजारी ठेवून एका विद्यार्थिनीने कोणत्या चिन्हाला कोणते अक्षर, याची सारणी करावयास घेतली आहे. व्यंजने लागली, काने-मात्रेही लागले. रफार अजून भलत्याच अक्षरावर बसतो.