जिवंत माणसं कोणत्या दिवशी मोजायची?

अण्वस्त्रहल्ल्यातून किती माणसं वाचतील, या प्रश्नाला ब्रिटनच्या सरकारने तीस वर्षांत वेगवेगळी उत्तरं दिली. त्या उत्तरांमधली खरी खोट बेरीज-वजाबाकीत नव्हती. वाचलेली माणसं कोणत्या दिवशी मोजायची, या निवडीत होती. सुरुवातीचा हिशेब स्फोट आणि आग एवढ्यापुरता होता. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर केलेली चाचणी अपेक्षेच्या सुमारे अडीच पट, १५ मेगाटनांची निघाली आणि तिची पांढरी राख सव्वाशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ खलाशांवर पडली. त्यांतले कुबोयामा सप्टेंबरात वारले. बॉम्बचा आवाजही धड पोचणार नाही अशा गावालाही आता मरणाच्या यादीत धरणं भाग होतं.

पुढच्याच वर्षी विल्यम स्ट्रॅथ यांच्या गटाने मंत्रिमंडळाला गुप्त अहवाल दिला. दहा मेगाटनांचे दहा हायड्रोजन बॉम्ब पडले, तर सुमारे १ कोटी २० लाख लोक मरतील, ४० लाख गंभीर जखमी होतील. मृतांपैकी नव्वद लाखांहून अधिक स्फोट आणि उष्णतेने, उरलेले किरणोत्साराने. या आकड्यांपेक्षा मला त्या अहवालाची दृष्टी मोलाची वाटते. बंदरं, अन्नधान्य, पाणी, दवाखाने कोसळल्यावर उरलेला समाज कसा तगेल, हाही त्याचा प्रश्न होता. हा प्रामाणिक दस्तऐवज २००२पर्यंत लोकांसमोर आला नाही.

लोकांना मिळाली ती १९८०ची ५० पेन्सची पुस्तिका, ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’. घरातली दारं काढून भिंतीला तिरकी टेकवा, त्यावर मातीच्या पिशव्या रचा, चौदा दिवसांचं अन्नपाणी भरून ठेवा, असा तिचा सल्ला. त्या निव्वळ थापा होत्या असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. किरणोत्सारी धूळ झपाट्याने निवते: स्फोटानंतरचा काळ सात पट झाला की किरणोत्साराची तीव्रता साधारण दहा पट उतरते. म्हणजे पहिल्या तासात जे १००० असेल ते सात तासांनी १००, दोन दिवसांनी १० आणि दोन आठवड्यांनी १. जाड भिंतींआड हे दिवस काढणाऱ्याचा जीव खरोखर वाचू शकतो. पण हे गणित शाबूत छपराचं आणि धडधाकट माणसाचं आहे. स्फोटाच्या दणक्याने कौलं उडाली, खिडक्या फुटल्या, की भिंतींचं संरक्षण कागदावरच राहतं. आणि निरोगी माणूस सोसेल ती मात्रा भाजलेल्या, उपाशी माणसाला सोसवत नाही. शिवाय पंधराव्या दिवशी दार उघडून तो जाणार कुठे?

आकडेच नसतील तर तयारी कशी करायची, हा आक्षेप रास्त आहे. निराशेने हात टेकले तर वाचू शकणारेही मरतील. म्हणूनच हिशेब हवा, पण तो पंधराव्या दिवशी थांबता कामा नये. १९८०च्या ‘स्क्वेअर लेग’ सरावात २०५ मेगाटनांचा हल्ला गृहीत धरला, तेव्हा २ कोटी ९० लाख मृत आणि १ कोटी ९० लाख अल्पकाळ तगलेले, असा अंदाज निघाला. त्या ‘अल्पकाळ’ शब्दाआड पुढचा हिवाळा, साथी आणि भूक दडलेली आहे. हिरोशिमात दीडशे डॉक्टरांपैकी ६५ मेले होते आणि उरलेल्यांतले बहुतेक जखमी होते, असं जॉन हर्सी यांनी नोंदवलं आहे. तरीही तिथे बाहेरच्या शाबूत शहरांतून मदत पोचू शकली. सगळा देशच भाजून निघाल्यावर असं ‘बाहेर’ उरत नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९८३मध्ये हाच धागा पकडला: एका मेगाटनाच्या एकाच बॉम्बने जखमी झालेल्यांपुढेही देशाची आरोग्यसेवा अपुरी पडेल. त्याआधीच, १९८२चा ‘हार्ड रॉक’ सराव बऱ्याच स्थानिक परिषदांनी सहभाग नाकारल्यामुळे सरकारला गुंडाळावा लागला होता. पुढच्या वर्षी सरकारने नियम करून नागरी संरक्षणाची कामं या परिषदांवर बंधनकारक केली.