परिसंस्था : एका संज्ञेची घडण

१९३५ साली अमेरिकेतून निघणाऱ्या ‘इकॉलॉजी’ ह्या त्रैमासिकाने शिकागोचे वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री चँडलर कौल्स ह्यांच्या गौरवार्थ एक अंक काढला. त्या अंकात ऑक्सफर्डचे प्राध्यापक आर्थर टॅन्सली ह्यांचा एक दीर्घ लेख आहे. वनस्पतिसमूहांच्या अभ्यासात रूढ झालेल्या कल्पना व संज्ञा ह्यांचा उपयोग आणि दुरुपयोग हा त्याचा विषय. ‘इकोसिस्टिम’ हा शब्द छापील स्वरूपात प्रथम आढळतो तो ह्या लेखात. मराठीत त्यासाठी ‘परिसंस्था’ ही संज्ञा स्थिर झाली आहे. आज हा शब्द इतका सैल झाला आहे की, व्यापार, शिक्षण, नवउद्योग अशा वाटेल त्या क्षेत्राला तो लावण्यात येतो. पाठ्यपुस्तके मात्र व्याख्या बरोबर देतात : सजीव, त्यांचे निर्जीव पर्यावरण आणि त्या दोहोंमधील पदार्थांची व ऊर्जेची देवघेव मिळून परिसंस्था होते. परंतु ही व्याख्या कोणत्या मताच्या खंडनासाठी केली गेली, हे कळल्यावाचून तिचे मर्म हाती लागत नाही.

ह्या शास्त्राच्या नावातच एक उपमा दडलेली आहे. येना येथील प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल ह्यांनी १८६६ मध्ये ‘ओइकोस’ म्हणजे घर ह्या ग्रीक शब्दावरून शास्त्राचे नाव तयार केले. अर्थशास्त्राचे युरोपीय नावही ह्याच शब्दापासून निघालेले असल्यामुळे तेथील वाचकाला दोन्ही शास्त्रांचे नाते ऐकताक्षणीच जाणवत असे. निसर्गाच्या प्रपंचाची ही कल्पना हेकेलपूर्वीची होय. १७४९ साली लिनीअस ह्यांच्या मार्गदर्शनाखाली स्वीडनमध्ये ह्याच विषयावर एक प्रबंध सादर झाला होता. लिनीअस ह्यांच्या प्रपंचात प्रत्येक प्राण्याचे काम ईश्वराने नेमून दिलेले होते. डार्विननंतरच्या हेकेल ह्यांच्या प्रपंचात ते स्थान जीवनकलहातून मिळवावे लागते. घर तेच राहिले, कर्ता पुरुष तेवढा नाहीसा झाला. हेकेल ह्यांनी नाव दिले, पण त्या शास्त्रात स्वतः फारसे काम केले नाही.

प्रत्यक्ष कामाचा पहिला ठळक नमुना कालवांच्या धंद्यातून मिळाला. श्लेस्विग-होल्स्टाइनच्या किनाऱ्यावर कालवांची पैदास वाढविता येईल काय, ह्या व्यावहारिक प्रश्नाच्या निमित्ताने कील येथील कार्ल मोबियस ह्यांनी समुद्रतळावरील कालवांचे थर अभ्यासिले आणि १८७७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकटे कालव असे तेथे काही नसते. तळाचे स्वरूप, पाण्याचा खारेपणा व उष्णता, अन्नाचा पुरवठा आणि शेजारी राहणारे इतर प्राणी ह्या सर्वांनी मिळून कालवांची संख्या ठरते, असे त्यांनी दाखविले. फ्रेंच किनाऱ्यावर कालवांचा बेसुमार उपसा झाला तेव्हा ती जागा रिकामी राहिली नाही. दुसऱ्या जातींच्या शिंपल्यांनी ती व्यापली. अशा सहजीवी समूहासाठी मोबियस ह्यांनी ‘बायोसिनोसिस’ हा शब्द योजिला. येथे घराच्या उपमेला वस्तीची उपमा येऊन मिळाली.

वनस्पतींच्या बाबतीत हाच विचार डेन्मार्कचे ओइगेन वार्मिंग ह्यांनी १८९५ मध्ये मांडला आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन कौल्स ह्यांनी मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. सरोवराच्या काठावरून आत चालत गेले म्हणजे प्रथम उघडी वाळू, मग गवत, मग झुडपे आणि शेवटी वन लागते. काठाजवळची टेकडी नवी आणि आतली जुनी असल्यामुळे ही वाट म्हणजे काळातूनच केलेला प्रवास होय, हे कौल्स ह्यांचे निरीक्षण. एका वनस्पतिसमूहाची जागा दुसऱ्याने घेण्याच्या ह्या क्रियेला अनुक्रमण म्हणतात.

फ्रेडरिक क्लेमेंट्स ह्यांनी ह्या निरीक्षणाचे सिद्धांतात रूपांतर केले आणि वादाचे बीज तेथेच पडले. क्लेमेंट्स नेब्रास्काचे. १८९८ मध्ये रॉस्को पाउंड ह्यांच्यासह त्यांनी आपल्या प्रांताच्या वनस्पतिभूगोलावर ग्रंथ लिहिला. (हे पाउंड पुढे कायदेपंडित म्हणून अधिक प्रसिद्धीस आले.) गवताळ प्रदेशात ठरावीक मापाचे चौरस आखून त्यांतील प्रत्येक रोप मोजावयाचे, ही त्यांची पद्धत. डोळ्यांना एकसारखे दिसणारे गवत मोजणीत एकसारखे नसते, हे त्यांनी अशा रीतीने सिद्ध केले. असा काटेकोर मोजणी करणारा मनुष्य १९१६ च्या आपल्या मुख्य ग्रंथात मात्र एका भव्य रूपकाच्या आहारी गेलेला दिसतो. एखाद्या प्रदेशातील वनस्पतिसमुदाय हा एक जीव आहे. तो जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो व मरतो, असे क्लेमेंट्स ह्यांचे म्हणणे होते. त्यांच्या दृष्टीने ही केवळ उपमा नव्हती. हवामान एक असेल तर त्या प्रदेशाची प्रौढावस्था म्हणजेच चरमावस्थाही एकच. बाकीच्या सर्व अवस्था तिच्याकडे जाणाऱ्या किंवा तिच्यापासून ढळलेल्या. ह्या मांडणीत नांगर, गुरे आणि वणवा ह्यांना जागा एकच उरते : निरोगी शरीरावर बाहेरून झालेला आघात.

हेन्री ग्लीसन ह्यांनी १९२६ मध्ये ह्याच्या अगदी उलट टोक गाठले. प्रत्येक जाती आपापल्या गरजेनुसार आपापल्या जागी वाढते. समुदाय म्हणून जे दिसते तो अशा अनेक स्वतंत्र योगायोगांचा मेळ होय, असे त्यांनी प्रतिपादिले. त्या काळी त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही.

टॅन्सली ह्यांच्या लेखाचे तात्कालिक कारण मात्र दक्षिण आफ्रिकेतून आले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फिलिप्स ह्यांनी १९३४-३५ मध्ये तीन लेखांची माला लिहून क्लेमेंट्स ह्यांच्या जीवकल्पनेचे समर्थन केले व त्यासाठी जनरल यान स्मट्स ह्यांच्या पूर्णवादाचा आधार घेतला. पूर्ण हे अंशांच्या बेरजेहून अधिक असून तेच अंशांना घडविते, हे स्मट्स ह्यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात मांडलेले तत्त्व. स्मट्स केवळ तत्त्वचिंतक नव्हते. ते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान होते आणि तेथील वर्णभेदाच्या राज्यव्यवस्थेत त्यांचा मोठा वाटा होता. जेथे प्रत्येक घटकाची जागा पूर्णाने आधीच ठरविलेली आहे, असे तत्त्वज्ञान अशा राज्यात सोयीचे ठरते, ही शंका समकालीनांनाही आली होती. टॅन्सली ह्यांनी राजकारणाचा मार्ग धरला नाही. त्यांनी शब्द तपासले.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. प्रौढ वनस्पतिसमूहात एक प्रकारची जुळणी असते, हे खरे. त्याला फार तर जीवसदृश म्हणता येईल, जीव नव्हे. त्याचप्रमाणे ‘समाज’ हा शब्द धरला तर ओक वृक्ष आणि त्याच्या पानावरची अळी हे एकाच समाजाचे सभासद मानावे लागतात, आणि हे मानणे कठीण आहे. मुख्य मुद्दा पुढेच आहे. सजीवांना त्यांच्या माती, पाणी व हवेपासून वेगळे काढून जे उरते, ते निसर्गातील एकक नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ ज्या अर्थाने ‘सिस्टिम’ म्हणतात, त्याच अर्थाने सजीव व निर्जीव मिळून होणारी संपूर्ण व्यवस्था हेच खरे एकक. विश्वापासून अणूपर्यंत ज्या असंख्य व्यवस्था आहेत, त्यांच्याच पंक्तीत परिसंस्था बसते. ह्या व्यवस्था एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांतील एखादी वेगळी काढणे ही अभ्यासकाच्या मनाची क्रिया होय, निसर्गाने आखलेली सीमा नव्हे. टॅन्सली १९२० च्या सुमारास मानसशास्त्राकडे वळले होते आणि व्हिएन्नात फ्रॉइडपाशी काही काळ राहिलेही होते. मन आपल्या सोयीसाठी वस्तूंना कशा कडा पाडते, ह्याची जाण त्यांना वनस्पतिशास्त्राबाहेरूनच मिळाली असावी. शब्द मात्र मूळचा त्यांचा नव्हे. त्यांच्या विचारण्यावरून तो तरुण सहकारी आर्थर रॉय क्लॅफम ह्यांनी सुचविला होता.

ह्या संज्ञेचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम मनुष्याच्या स्थानावर झाला. इंग्लंडमधील कुरणांवर मेंढ्यांची चराई शतकानुशतके चालत आल्यामुळेच तेथे गवत टिकून आहे. क्लेमेंट्स ह्यांच्या भाषेत ते अडलेले वन होय. टॅन्सली ह्यांच्या भाषेत तीही एक स्थिरावलेली परिसंस्था आहे. मनुष्य व त्याची मेंढरे तिचे घटक आहेत.

शब्द आला, पण त्याने करावयाचे काय, हे कोणाला ठाऊक नव्हते. चार्ल्स एल्टन ह्यांनी स्पिट्सबर्गेनच्या मोहिमांनंतर १९२७ मध्ये अन्नसाखळीची व संख्येच्या मनोऱ्याची कल्पना मांडली होती : भक्ष्य पुष्कळ, भक्षक थोडे. परंतु डोकी मोजून शेवाळ आणि मासा ह्यांची तुलना होत नाही. ही अडचण सोडविली ती रेमंड लिंडमन ह्या तरुणाने. मिनेसोटातील सीडर बॉग हे जेमतेम मीटरभर खोलीचे, गाळाने भरत आलेले तळे त्याने अनेक वर्षे अभ्यासिले. त्याच्यापुढील प्रश्न अगदी साधा होता. हळूहळू मरत असलेल्या, शेवाळाने व गाळाच्या थराने माखलेल्या पाणवनस्पतीला सजीव समूहात गणावयाचे की निर्जीव परिसरात? रेषा कोठेही ओढली तरी ती कृत्रिमच ठरते. म्हणून त्याने टॅन्सली ह्यांची संज्ञा उचलली आणि तळ्याच्या आकृतीच्या मध्यभागी चक्क गाळ ठेवला. सर्व घटकांना समान असे एकच माप घेतले : उष्मांक. तळ्यावर पडणाऱ्या सौर ऊर्जेपैकी हरित वनस्पतींनी सुमारे ०.१० टक्का बांधली. त्यांनी बांधलेल्या ऊर्जेपैकी शाकाहारी प्राण्यांच्या पातळीपर्यंत १३.३ टक्के आणि तेथून मांसाहारी पातळीपर्यंत २२.३ टक्के पोहोचली. दर पायरीवर श्वसनात ऊर्जा खर्ची पडते व उष्णतेच्या रूपाने निघून जाते, म्हणूनच अन्नसाखळ्या आखूड असतात. शालेय पुस्तकांत लिंडमनच्या नावावर जो ‘दहा टक्क्यांचा नियम’ घातला जातो, तो त्याच्या ह्या आकड्यांत दिसत नाही. पायरीगणिक प्रमाण बदलते, हेच त्याचे म्हणणे होते.

लेख प्रथम नाकारला गेला. चान्सी जुडे व पॉल वेल्श ह्या दोन जाणत्या सरोवरशास्त्रज्ञांना इतक्या थोड्या आधारावर एवढे सिद्धांत रचणे पसंत पडले नाही. येल येथील जी. एव्हलिन हचिन्सन ह्यांच्या आग्रहावरून संपादकांनी तो अखेर स्वीकारला. जून १९४२ मध्ये लिंडमन वारला तेव्हा त्याचे वय २६ वर्षांचे होते. लेख त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात छापला गेला.

पुढचा इतिहास अधिक परिचित आहे. १९५३ मध्ये यूजीन ओडम ह्यांच्या पाठ्यपुस्तकाने परिसंस्थेला शास्त्राच्या आरंभस्थानी बसविले. ऊर्जा एकाच दिशेने वाहते, द्रव्ये मात्र पुनःपुन्हा फिरतात, हे सूत्र प्रत्यक्ष मोजून दाखविले ते न्यू हॅम्पशरमधील हबर्ड ब्रुक येथे. तेथील एका १५.६ हेक्टरांच्या पाणलोटातील सर्व झाडे १९६५ च्या अखेरीस तोडून तीन उन्हाळे नवी वाढ रोखून धरण्यात आली. ओढ्याच्या पाण्यातील नायट्रेट पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून गेले आणि त्याबरोबर मातीतील कॅल्शियम व पोटॅशियमही वाहून जाऊ लागले. कुजण्याची क्रिया चालूच होती; सुटणारी द्रव्ये उचलून घेणारी मुळे तेवढी उरली नव्हती.

आता मराठी संज्ञेकडे वळावयास हरकत नाही. ‘संस्था’ हा शब्द मराठी शास्त्रीय परिभाषेत पचनसंस्था, मज्जासंस्था, श्वसनसंस्था अशा समासांतून रुळला. हे सर्व शरीराचे भाग. भौतिक व्यवस्थेसाठी तो सहसा येत नाही. सूर्य व ग्रह ह्यांची ‘माला’ होते, ‘संस्था’ नव्हे. त्यामुळे जी जीवकल्पना हद्दपार करण्यासाठी टॅन्सली ह्यांनी भौतिकशास्त्रातून शब्द आणला, तीच ‘परिसंस्था’ ह्या समासाच्या मागील दाराने मराठीत पुन्हा प्रवेश करते. हिंदीतील ‘पारितंत्र’ हा शब्दही पाचनतंत्राच्याच शेजारी बसतो. ह्यात संज्ञाकारांचा दोष नाही. प्रत्येक भाषा नवा शब्द आपल्या जुन्या समासांच्या रांगेतच उभा करते.

ही केवळ शब्दचर्चा नव्हे. हॅरी चँपियन ह्यांनी १९३६ मध्ये भारतातील वनप्रकारांचे जे वर्गीकरण केले आणि चँपियन व सेठ ह्यांनी १९६८ मध्ये जे सुधारून प्रसिद्ध केले, ते वनखात्यात आजही प्रमाण मानले जाते. त्याची चौकट चरमावस्थेची आहे. त्यात दख्खनच्या कोरड्या गवताळ जमिनी ‘अवनत अवस्था’ ह्या वर्गात पडतात, म्हणजे हे गवत बिघडलेले वन ठरते. बिघडलेले ते दुरुस्त करावयाचे, ह्या न्यायाने माळरानांवर गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली गेली. झाडांची सावली उन्हावर वाढणाऱ्या गवताला मानवत नाही, आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या माळढोकाला झाडी चालत नाही. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात ह्या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, त्याच्याही नावात ‘अरण्य’च आले. दख्खनचे गवत हे वनतोडीचे अवशेष नसून ह्या पर्जन्यमानाची, वणव्याची व चराईची स्वतंत्र आणि प्राचीन परिसंस्था आहे, असे अलीकडील संशोधक पुराव्यानिशी मांडीत आहेत.

सरकारी दप्तरात ह्या जमिनींचा पुष्कळ भाग ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो. ‘पडीक’ म्हणजे जी पिकावयास हवी होती पण पिकत नाही ती; ह्या शब्दात उणीव गृहीत धरलेली आहे. धनगरांच्या व शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या ‘माळ’, ‘कुरण’, ‘गायरान’ ह्या शब्दांत ती नाही. ‘माळ’ जमिनीचे रूप सांगतो, ‘कुरण’ तिचा उपयोग आणि ‘गायरान’ तिच्यावरचा गावाचा हक्क.