निरंक

सरकारी दप्तरात एक जुना शब्द आहे: निरंक. एखाद्या रकान्यात भरण्याजोगे काही नसले, तरी तो कोरा ठेवावयाचा नाही. तेथे ‘निरंक’ असे लिहावयाचे, अशी कारकुनी शिस्त. लहानपणी मला या शब्दाची मोठी मौज वाटे. काहीच नाही, एवढे सांगण्यासाठी तीन अक्षरे कशाला खर्ची घालावयाची? पुढे पोटापाण्यासाठी मी संगणकावरचे अर्ज बांधू लागलो आणि खारपाणपट्ट्यातील एका शेतकऱ्याने मला या तीन अक्षरांची किंमत शिकविली. ती हकीकत पुढे येईलच. परंतु आधी आमच्या वऱ्हाडाचा आणि रकान्यांचा संबंध किती जुना, ते पाहू.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. अमरावती आणि अकोल्याच्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस इंग्रजांच्या डोळ्यांसमोर होताच. पण राज्य करावयाचे, तर प्रथम मोजले पाहिजे. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि प्रतबंदी सुरू झाली. १८६७ साली वऱ्हाडाची शिरगणती झाली, आणि ती बावीस लाखांहून अधिक भरली. देशव्यापी म्हणविली जाणारी पहिली खानेसुमारी १८७२ च्या सुमारास झाली. म्हणजे आम्ही वऱ्हाडी माणसे त्याआधीच रकान्यांत जाऊन बसलो होतो! १८७० साली आल्फ्रेड लायल या अधिकाऱ्याने वऱ्हाडाचे गॅझेटियर छापून काढले. त्यातील आकडे असेच रकाने भरून गोळा झालेले.

राज्यकर्ते बदलत गेले. १९०३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताकडे गेला, १९५६ मध्ये आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६६ चा जमीन महसूल कायदा १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला आणि साऱ्या राज्याला एकच महसुली व्यवस्था मिळाली. ज्याला आपण सातबारा म्हणतो, तो म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा यांची जोडी. सातमध्ये जमीन कोणाची ते, आणि बारामध्ये तीत काय पिकले ते. बाराच्या नमुन्यात जलसिंचित आणि अजलसिंचित असे वेगळे रकाने असतात. आमच्या बोलीत सांगावयाचे, तर ओलित आणि कोरडवाहू. या दोन शब्दांत शेतकऱ्याचे निम्मे भाग्य लिहिलेले असते.

छापील नमुन्याची मोठी सोय अशी, की रेघा ओढण्याचे काम लिहिणाऱ्याकडे राहत नाही. संगणकावरच्या अर्जांना मात्र ही सोय उशिरा लाभली. वेबच्या पानावर माणसाने नुसते वाचावे असे नव्हे, तर काही भरूनही द्यावे, या कल्पनेने १९९३ च्या सुमारास मूळ धरले. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएलची दुसरी आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली, तीत अर्जाचे रकाने होते. त्याच वर्षी रासमुस लेरडॉर्फ याने भरलेले अर्ज वाचून घेणारी काही अवजारे लोकांना दिली. पुढे तीच पीएचपी म्हणून वाढली. तरीही प्रत्येक रकाना हाताने आखावा लागे. रकान्याचे नाव लिहा, त्याची खूणगाठ लिहा, शेजारची सूचना त्याला जोडा. आणि अर्ज चुकून परत आला, तर आधी भरलेला मजकूर पुन्हा जागच्या जागी मांडा. पन्नास रकाने म्हणजे पन्नास वेळा तेच काम, आणि चुकण्याच्या पन्नास जागा.

२००४ साली डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन या डॅनिश तरुणाने रूबी ऑन रेल्स नावाचे फ्रेमवर्क, म्हणजे कार्यक्रम लिहिण्याची तयार चौकट, जगासमोर ठेवले. अशा चौकटींत हेल्पर मेथड असतात. हेल्पर म्हणजे पटवाऱ्याच्या हाताखालचा कोतवाल समजा. ‘शेतकऱ्याच्या नावाचा रकाना पाहिजे’ एवढे एका ओळीत सांगितले, की बाकीची धावपळ तो करतो. सूचना रकान्याला जोडतो, जुना मजकूर परत आणून बसवितो, आणि परक्या ठिकाणाहून कोणी बनावट अर्ज घुसवू नये म्हणून अर्जात एक गुप्त शिक्काही ठेवून देतो.

आता माझी हकीकत. कोरडवाहू शेतकऱ्यांना हरभऱ्याचे बियाणे वाटणाऱ्या एका लहानशा मंडळासाठी मी असा अर्ज बांधीत होतो. बहुतेक रकाने हेल्परकडून करून घेतले. एक चौकोन तेवढा घाईघाईने स्वतःच्या हाताने लिहिला. त्यापुढे शब्द होते: ‘ओलित आहे’. असेल तर खूण करावी, नसेल तर काढावी. यात चुकण्यासारखे काय आहे, असे मला वाटले.

वाटपानंतर दर्यापूरकडचे एक काका माझा पत्ता शोधीत आले. पहिल्या नोंदणीत कोणीतरी त्यांच्या नावापुढे ओलिताची खूण केली होती. पुढे त्यांनी भाच्याकडून ती काढविली, तरी त्यांचे नाव कोरडवाहूंच्या यादीत आले नाही. आवाज न चढविता ते म्हणाले, “भाऊ, म्या त खूण काढली होती. तुमच्या यंत्रानं आयकलंच नाई.”

“पण काका, तुमच्या शेतात विहीर आहे असे लिहिले आहे,” मी म्हणालो.

“विहीर हाये, पन पानी खारं हाये. ढोरं तोंड लावत नाईत, त वावराले काय देता?”

मी अर्ज उघडून पाहिला, आणि चूक माझीच निघाली. वेबच्या अर्जाचा नियम असा, की खूण केलेला चौकोन ‘होय’ म्हणून निरोप धाडतो. पण खूण नसलेला चौकोन ‘नाही’ म्हणत नाही, तो गप्प बसतो. पलीकडच्या यंत्राला काहीच निरोप मिळाला नाही, म्हणून त्याने जुने ‘होय’ जसेच्या तसे ठेवले. काकांचा नकार वाटेतच विरून गेला. रेल्सचा हेल्पर असा चौकोन आखताना त्याच्या आधी त्याच नावाचा एक अदृश्य रकाना ठेवतो आणि त्यात शून्य लिहून ठेवतो. खूण केली, तर नंतर येणारे ‘होय’ त्या शून्यावर मात करते; खूण नसेल, तर ते शून्य पोचते. त्या क्षणी मला जुन्या कारकुनांची आठवण झाली. हे शून्य म्हणजेच त्यांचे निरंक! ‘पाहिलेच नाही’ आणि ‘पाहिले, पण नाही’ यांतला भेद त्यांनी कधीच ओळखला होता.

एका ओळीत चूक दुरुस्त झाली. परंतु तोवर वाफसा निघून गेला होता, आणि काकांनी उसनवारीने बियाणे आणून पेरणी उरकली होती. माझी एक ओळ त्यांना एका हंगामाच्या कर्जाला पडली.

दुसरी चूक मात्र कोणत्याही हेल्परला दुरुस्त करता येण्याजोगी नव्हती. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावतीच्या मोठ्या भागात, जमिनीखालचे पाणी खारे आहे. ते शेताला दिले, तर काळी माती बिघडते. तेथे विहीर असणे म्हणजे ओलित असणे नव्हे. माझ्या अर्जात विहिरीचा रकाना होता, तिच्या पाण्याच्या चवीचा नव्हता. कोतवाल सांगितलेले काम चोख करील. पण कोणता रकाना हवा, हे गाव पाहिलेल्या माणसानेच सांगावे लागते.

रकाना असणे-नसणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, वडिलांच्या नावाआधी आईचे नाव सरकारी कागदपत्रांवर लिहिणे महाराष्ट्राने बंधनकारक केले. आई तर नेहमीच होती. तिला ही जागा मिळण्यास एवढा काळ लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, आणि आपल्या पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. लेखणी त्याच्या हाती आली, हे चांगलेच झाले. पण रकाने आखणारे हात आजही दुसऱ्याचेच आहेत, आणि त्यांत माझ्यासारख्यांचेही आहेत.

त्यानंतर मी अर्जात ‘विहिरीचे पाणी: गोडे की खारे’ असा एक रकाना घातला. तो मी काकांनाच आधी दाखविला. त्यांनी चष्मा सारखा करून तो दोनदा वाचला आणि विचारले, “अन् ज्याची विहीरच नाई, त्यानं काय लिहावं?”

मी तेथे तिसरा पर्याय लिहिला: निरंक.